मूळ जागी

१

उन्हं कलली की आमच्या फोनलाइनवर शेतकरी बोलू लागतात.

आमची कंपनी मानोरा तालुक्यातल्या भाजी पिकवणाऱ्यांनी मिळून काढलेली. पद्धत साधी आहे. शेतकरी दुपारनंतर एका ठरलेल्या नंबरावर फोन लावतो, उद्या काय माल निघेल ते सांगतो आणि ठेवून देतो. त्याचा निरोप जसाच्या तसा रेकॉर्ड होतो. सकाळी आमचा पिकअपवाला हरीओम ते निरोप ऐकतो आणि त्या त्या बांधावरून क्रेट उचलून आणतो. काल आपण काय बोललो हे कोणी विसरलं, तर त्याच नंबरावर एक बटण दाबून त्याला आपला शेवटचा निरोप ऐकताही येतो. म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार उपयोग होतो.

माझ्याकडे यंत्रांचं काम. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पुस्तकं वाचून, चुका करून आणि रोज संध्याकाळी त्या डायरीत लिहून शिकलो. रोजच्या निरोपांची एक प्रत वेगळ्या यंत्रावर जाते. तो बॅकअप. त्याला तीन महिन्यांची मुदत असते. मुदत संपली की प्रत आपोआप पुसली जाते. ही मुदत मला नेहमी बरी वाटत आली. ती नसती तर दोडक्या-भेंडीच्या निरोपांनीच सगळी जागा भरून गेली असती.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता. बॅकअपमधून जुनं काही परत आणायचं तर ते मूळ जागी आणायचं नाही. शेजारी रिकामी जागा करायची, तिथं उतरवायचं, तपासायचं, मग पुढचं ठरवायचं. मूळ जागी उतरवलेली प्रत तिथं आज जे असेल त्याच्यावर जाऊन बसते. ती विचारत नाही.

हा नियम मी इंझोरीच्या इंद्रभानच्या वेळी मोडला.

२

इंद्रभान वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचे. पोळ्याच्या आधी एका दुपारी त्यांनी नेहमीसारखा निरोप ठेवला आणि त्याच संध्याकाळी क्रेट भरता भरता बांधावर पडले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. त्यांचं खातं बंद झालं आणि लाइनवरून त्यांचा निरोप काढला गेला. बॅकअपमध्ये मात्र तो होता. त्याची मुदत संपायची त्याच दिवशी त्यांची बायको चतुराबाई ऑफिसात आली. सोबत सून सुचिता आणि नात वैभवी. सुचिताचा नवरा पुण्याला कंपनीत असतो.

वैभवी पाच वर्षांची. ती आत आली ती बोलतच.

"काका, ह्या मशीनीले पंखा काहून लावला? हिले गरमी होते का? हे लाल लाइट कायचं हाय?"

"तुह्या तोंडाले झाकण हाय का वं?" चतुराबाई म्हणाली. "बापाच्या वरताण हाय. झोपीतबी बोलते."

सुचितानं खुर्ची पुढं ओढली. "प्रसेनभाऊ, आत्याबाई जेवून नाही राह्यल्या. दोन घास खातात अन् हात धुतात. म्हन्तात, त्याइचा आवाजच आठवत नाही मले."

"चेहरा आठवते," चतुराबाई म्हणाली. "चेहरा फोटोत हाय. आवाज कुठून आनू? तुमच्या मशीनीत हाय म्हन्तात."

मी म्हटलं, आहे, पण आजच्या दिवसापुरताच. पेन ड्राइव्हवर काढून देतो.

"त्या डब्बीतून नको मले. मी नंबर लावीन अन् ते बोलतीन, तसं पाह्यजे. तसंच बोलत होते ना ते."

"आत्याबाई, तेवढंच भेटून राह्यलं तर घ्या ना."

"तू गप वं. तुहा नवरा रोज बोलते तुह्यासंग."

मी चतुराबाईचे हात पाहिले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. फोनवर ऐकू यायचं तर निरोप लाइनच्या मूळ जागीच हवा. तिथं आता काहीच नाही, मग बसणार कोणावर, असा मी विचार केला. बॅकअपची मुदत वाढवली आणि इंद्रभानचा निरोप मूळ जागी उतरवला.

चतुराबाईनं आपल्या बटणाच्या फोनवरून नंबर लावला. मी स्पीकर चालू करून दिला. आधी मोटारपंपाचा आवाज आला, मग इंद्रभान बोलले.

"हॅलो, इंझोरीहून इंद्रभान. उद्या वांगे चार क्रेट. सांभार बी हाय. गाडी लवकर पाठवजा."

मागून वैभवीचा आवाज: "आबा, मी बोलू?"

"बोल."

"मी वैभवी."

"बस्स, ठेव आता." आणि ते हसले. निरोप संपला.

"मी बोलली होती!" वैभवी ओरडली. "आबानं बोलू देल्लं होतं!"

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. जाताना ती सुनेला म्हणाली, "घरी पिठलं टाकजो. भूक लागली."

३

परत आणलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं, ही माझी सवय. इंद्रभानचा निरोप मी बॅकअपमधल्या प्रतीशी ताडून पाहिला. जुळला नाही. तो थोडा लांब झाला होता.

हेडफोन लावून ऐकलं. "बस्स, ठेव आता" आणि हसणं, इथपर्यंत तेच. पण त्यानंतर फोन ठेवल्याचा आवाज नव्हता. पंप चालूच होता. चिखलातून कोणीतरी चालत होतं. मग इंद्रभान जरा लांबून म्हणाले, "वैभू, इकडं ये."

मी स्वतःशी कारणं मांडली. काल स्पीकरवर शेवट नीट ऐकू आला नसेल. उतरवताना दुसऱ्या एखाद्या निरोपाचा तुकडा जोडला गेला असेल. तसं होतं, क्वचित होतं. मी लाइनवरची प्रत पुसली आणि बॅकअपमधून नवी उतरवली.

ती आणखी लांब निघाली. आता बॅकअपमधला निरोपही तेवढाच लांब दाखवत होता.

बॅकअप वाचता येतो. त्यात नंतर कोणाला काही भरता येत नाही. तो तसा केलेलाच असतो. मी दार लावून घेतलं. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांची एकसारखी घरघर असते. ती मला इतकी सवयीची की ऐकूही येत नाही. त्या दिवशी ऐकू आली. त्या घरघरीत मोटारपंपासारखं काहीतरी मिसळलं होतं. मी एकेक यंत्र बंद करून पाहिलं. सगळी बंद झाल्यावरही काही क्षण तो आवाज राहिला.

लाइनवरची प्रत मी कायमची पुसली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ती परत तिथंच होती.

४

"भाऊ, इंझोरीच्या मालाचं काय करायचं?" आठवड्याभरानं एका सकाळी हरीओमनं दारातूनच विचारलं.

"कुठला माल?"

"इंद्रभानबुढ्याचा. निरोप होता ना लाइनीवर. मले वाटलं, सुनेनं जुनाच निरोप चालू ठेवला. आपल्याले काय, निरोप हाय तं गाडी जाते." त्यानं तंबाखू मळली. "गेलो तं बांधावर क्रेट होते. तीन भरेल. चौथा अर्धा, भरनं चालू असल्यासारखा. मी हाका मारल्या. कोनी नाही. मले वाटलं, पानी प्याले गेले असतीन."

मी खाली जाऊन पाहिलं. काटेरी जांभळी वांगी, देठं अजून ओली.

"अर्धा कुठंय?"

"ठेवला तिथंच. एकल्यानं कायले उचलू?" तो हसला. मग माझ्याकडं पाहून थांबला. "काहून? चोरीचा हाय का?"

मी सुचिताला फोन लावला. "तुमच्या शेतात वांगी कोणी लावलीत?"

"शेत पडीत हाय, भाऊ. ते गेले तेव्हापासून कोनी पाय नाही ठेवला. कोन करीन? आमी दोघी बायका." मग ती म्हणाली, "मी तुमाले फोन करनारच होती. वैभवी बोलून नाही राह्यली."

५

आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणाली. आत्याबाई जेवायला लागल्या, घर हसतं झालं. दुपार झाली की त्या फोन कानाला लावून बसायच्या आणि पोरगी त्यांना चिकटून ऐकायची. मग ती प्रश्न विचारीनाशी झाली. मग 'आई' आणि 'पाणी' एवढंच राहिलं. आता तेही नाही. वाशिमच्या डॉक्टरांनी गळा पाहिला. म्हणाले, गळा चांगला आहे, आजोबांचं दुःख असेल, बोलेल हळूहळू.

"झोपीत बोलते का?" मी विचारलं.

"ओठ हालतात."

लहान लेकरू घाबरलं की मुकं होतं. मी ऐकलेलं आहे. पण फोन ठेवल्यावर मी हेडफोन घेतला.

निरोप आता संपतच नव्हता. पंप चालू होता आणि त्या आवाजाच्या आत वैभवी बडबडत होती. आबा, ह्या वांग्याले काटे काहून असतात? आबा, हा किडा कोनाचा? आबा, मले तहान लागली, आई कुठी हाय? इंद्रभान अधूनमधून हुं म्हणत. ते रागावलेले नव्हते. कामात असलेल्या माणसाचा आवाज होता तो. एकदा म्हणाले, "धर बरं तिकून. एकल्यानं नाही उचलत." पोरगी कण्हली, काहीतरी जड उचलल्यासारखं. मग, "आबा, मले नाही होत."

मी तिचा आवाज तेवढा दुसऱ्या जागी काढून घ्यायचा प्रयत्न केला. इंद्रभान आले, पंप आला. वैभवी जिथं जिथं बोलत होती, तिथं तिथं नुसती शांतता आली.

तेव्हा मला कळलं. मी रिकामी समजलो ती जागा रिकामी नव्हती. तिथं त्यांचं घर होतं, आणि प्रत त्या घरावर जाऊन बसली होती.

६

इंझोरीला गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं. गावाची वीज गेलेली. घराच्या मागच्या दारातून थेट शेत दिसतं. काळी, तडकलेली पडीत जमीन आणि दूर बांधावर एक हिरवा क्रेट.

चतुराबाई बाजेवर फोन घेऊन बसली होती. स्पीकर चालू होता. सगळ्या शिवारात एकही मोटार चालू नव्हती. फोनमधली चालू होती. वैभवी उंबऱ्यावर बसून शेताकडं पाहत होती. फोनमध्ये तिचा आवाज म्हणाला, "आबा, ऊन लागून राह्यलं." मग उंबऱ्यावरच्या पोरीचे ओठ तेच बोलले, जरा मागून, आवाजाशिवाय.

सुचितानं माझा दंड धरला. "दिसलं ना तुमाले? मी येडी नाही ना?"

मी लॅपटॉप उघडला. दोघींना समजेल असं सांगितलं: मी मुदत आजची टाकली तर हा निरोप सगळीकडून पुसला जाईल.

"म्हंजे ह्याइले परत मारतो," चतुराबाई म्हणाली. "माहा मानूस बोलून राह्यला, डोयानं पाहून राह्यला तू, अन् पुसतो म्हन्तो?"

"आत्याबाई, पोरगी पाहा!"

"पाहून राह्यली! मले काय डोये नाहीत?"

"पण पुसलं तर," मी म्हणालो, "वैभवीचा आवाज त्याच्यातच आहे. तोही जाईल. परत यायचा नाही."

सुचिता भिंतीला टेकून खाली बसली. फोनमध्ये पोरगी म्हणाली, "आबा, मले घरी जायचं हाय."

चतुराबाईनं फोन तोंडाजवळ आणला. त्या बटणाच्या फोनमध्ये पाहत, नवरा समोर असल्यासारखी ती चिडून म्हणाली, "अहो, ऐकू येते का? पोट्टीले घरी पाठवा. तिची माय रडून राह्यली. काही लाज?"

तो रेकॉर्ड केलेला निरोप होता. त्याला इकडचं ऐकू जायचं कारण नव्हतं.

पंप थांबला.

"पाठवतो," इंद्रभान म्हणाले. "मंग क्रेट कोन धरीन?"

चतुराबाईनं फोन बाजेवर ठेवला, पदर खोचला, चपला घातल्या. "येते ना मी," ती फोनकडं न पाहता म्हणाली. "तुमाले जिंदगीत एक काम एकल्यानं नाही झालं."

"आत्याबाई, कुठी चालल्या?"

"पोरीले जेवाले घाल," ती म्हणाली आणि मागच्या दारानं उतरली.

आम्ही दारात उभे राहिलो. मी तिच्यामागं जायला हवं होतं. गेलो नाही. ती भेगा चुकवत बांधापर्यंत गेली, वाकली, क्रेटची एक बाजू धरली. आता तो भरलेला होता. भरलेला क्रेट एका बाजूनं उचलला की दुसरी बाजू खाली राहते. हा राहिला नाही. दोन्ही बाजू सारख्या वर आल्या. क्रेटच्या खालून ऊन दिसत होतं. चतुराबाई एक बाजू धरून हळूहळू उलटी चालत होती आणि समोर पाहून काहीतरी बोलत होती.

आमच्या गुडघ्यांपाशी आवाज आला.

"आई, आजी कोनासंग काम करून राह्यली?"

७

चतुराबाईला आम्ही बांधावरून उचलून आणलं. ती जिवंत होती. डोळे उघडे, श्वास चालू, बोटं देठांच्या चिकानं काळी. डॉक्टरांनी अर्धांगाचा झटका असू शकतो असं सांगितलं आणि मला ते पटवून घ्यायचं होतं. ती बाजेवर बसून राहायची. घास भरवला तर खायची. बोलली नाही.

वैभवीची बडबड परत आली होती. सुचितानं फोन बंद करून कपाटात ठेवला. मी ऑफिसात रोज थोडं ऐकायचो. पंप चालू असायचा आणि दोन म्हातारी माणसं कामात असायची. चतुराबाई इंद्रभानना टोमणे मारायची, ते हसायचे. त्यांचं ते बोलणं ऐकून एकदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राहू द्यावं असं वाटलं. मुदत संपत आली तशी मी ती पुन्हा वाढवली. पुसायचं तर कोणाला पुसायचं? बाजेवर बसलेली बाई श्वास घेत होती.

मग परवा दुपारी चतुराबाईचा आवाज म्हणाला, "सांभाराच्या जुड्या बांधाच्या राहून गेल्या. माह्यानं एकलीनं नाही होत. वैभू, ये बरं बाई."

खूप मायेनं म्हणाली ती.

मी सुचिताला फोन लावला. "वैभवी कुठाय?"

"आजीपाशी बसली हाय."

"फोन?"

"कपाटात, बंद. काहून?"

"बोलतेय ना ती?"

"सकाळपासून जरा कमी बोलून राह्यली," सुचिता म्हणाली. "खेळून थकली असन."

मी तिला जे ऐकलं ते सांगितलं. काय करावं लागेल आणि त्यात कोण आहे, तेही सांगितलं.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "मले विचारू नका." आणि फोन ठेवला.

मी निरोप पुन्हा लावला. दुरून, शेताच्या पलीकडून यावा तसा, लहान पावलांचा आवाज येत होता. मुदतीच्या जागी मी त्याच दिवसाची तारीख टाकली. यंत्रानं विचारलं, नक्की का. मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं.

पंप मधेच तुटला. मूळ जागी पाहिलं. काही नव्हतं. बॅकअपमध्ये पाहिलं. तिथंही काही नव्हतं. खोलीत पंख्यांची घरघर होती, रोजची.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. मग माझा फोन वाजला. इंझोरीचा नंबर. उचलून कानाला लावला, पण हॅलो म्हणवेना. तिकडून कोणी बोलेल की नाही, आणि बोललं तर कोण, एवढीच भीती होती.

"हॅलो," वैभवी म्हणाली. मोठ्यानं, खणखणीत. "काका, आईनं फोन लावून देल्ला. काका, आजी उठून नाही राह्यली."